फिनलंडमधली खरेदी: कप उलटा करून बघण्यापासून कर परत मिळवण्यापर्यंत

आत्या नाशिकहून आमच्याकडे हेलसिंकीजवळच्या एस्पोला आली तेव्हा हेलसिंकीतल्या एका दुकानात तिनं मूमिनचा, म्हणजे फिनिश गोष्टींतल्या गुबगुबीत पांढऱ्या प्राण्याचं चित्र असलेला, कप हातात घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर तो उलटा केला. सवयच ती. घरातलं प्रत्येक स्टीलचं भांडं फिरवून त्यावर कोरलेलं नाव वाचायचं, कुणाच्या लग्नात आलं ते आठवायचं, मग खाली ठेवायचं. कपाच्या बुडाशी अराबियाचा शिक्का होता आणि त्याच्याजवळच बारीक अक्षरांत ‘मेड इन थायलंड’. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, थायलंडचा कप न्यायला एवढ्या थंडीत आणलंस होय मला?”

अराबिया हा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना हेलसिंकीत 1873 साली सुरू झाला आणि 2016 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. रेखाटन फिनिश, भाजणं परदेशात, असा आता व्यवहार आहे. कप चांगलाच असतो, आत्यानंही शेवटी दोन घेतले. पण त्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगते की वस्तू उलटी करून बघा, आणि फिनिश माणूस स्वतः जिथे खरेदी करतो तिथे जा. भेटवस्तूंच्या दुकानात हा देश फार महाग आहे. किराणा दुकानात तो बराच परवडतो आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात तर चक्क स्वस्त पडतो.

आता क्रमानं सांगते.

निघण्याआधी घरी करायची कामं

चलन युरो. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, अगदी बाजारातल्या टपरीवरसुद्धा. पण आपल्या बँकांची कार्डं परदेशातल्या व्यवहारांसाठी आपण स्वतः चालू करावी लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दुकानातला वापर, टॅप करून पैसे देणं आणि एटीएम हे तिन्ही पर्याय वेगवेगळे चालू करा आणि रोजची मर्यादाही बघून घ्या. पिन पाठ हवा. 50 युरोच्या वर टॅप चालत नाही, पिन मागतात. आमचे एक काका पिन विसरून आले होते, पंधरा दिवस आमच्या कार्डावर फिरले आणि रोज रात्री वहीत हिशेब लिहित बसायचे.

कार्डाचं यंत्र कधीकधी विचारतं की रक्कम रुपयांत घ्यायची की युरोत. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जातं. युरोच दाबा. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते यंत्र चालवणारे ठरवतात आणि तो आपल्या बँकेपेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो. एटीएमवरही हेच. नारिंगी रंगाची ‘ओट्टो’ लिहिलेली एटीएम सगळीकडे दिसतील.

रोख किती ठेवावी? माणशी पन्नासेक युरो पुरतात. ते मुख्यतः जुन्या बाजारासाठी, कारण तिथले विक्रेते मोबाईलवरून पैसे घेतात आणि त्या अ‍ॅपला तिथलं बँक खातं लागतं. आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. रोख दिलीत तर आणखी एक गंमत दिसेल. फिनलंडमध्ये एक आणि दोन सेंटची नाणी वापरात नाहीत, त्यामुळे एकूण बिल जवळच्या पाच सेंटला नेऊन ठेवतात. 7 युरो 98 सेंट झाले तर आठ युरो द्यायचे. गल्ल्यावरच्या मुलीशी दोन सेंटसाठी वाद घालू नका, काकांनी घातला होता.

थंडीचे कपडे काय न्यायचे यावर घरोघरी चर्चा होते. अंगालगतचे थर्मल आपल्याकडूनच घ्या, पुण्या-मुंबईत चांगले मिळतात. लोकरीचे मोजे, हातमोजे आणि बूट मात्र तिथे घेतलेले बरे. आपल्याकडे ‘स्नो बूट’ म्हणून जे मिळतं त्याचा तळ बर्फावर घसरतो. आणि लॅपलंडला, म्हणजे फिनलंडच्या अगदी उत्तर भागात, कुत्र्यांच्या गाडीची किंवा स्नोमोबाईलची सहल आधीच घेतली असेल, तर बहुतेक सहल कंपन्या जाडजूड ओव्हरऑल, बूट आणि हातमोजे तेवढ्या वेळापुरते देतात. आरक्षणात ते समाविष्ट आहे का हे विचारून घ्या, म्हणजे एका दिवसासाठी चारशे युरोचा कोट घ्यायची वेळ येणार नाही.

पहिल्या दिवशी सुपरमार्केट

उतरल्यावर पहिली खरेदी इथे करा, अगदी भेटवस्तूंचीसुद्धा. मुख्य साखळ्या दोन. के-मार्केट, के-सुपरमार्केट आणि के-सिटीमार्केट ही एका घरची. एस-मार्केट, अलेपा आणि प्रिस्मा ही दुसऱ्या घरची. अलेपा म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान, प्रिस्मा म्हणजे अवाढव्य. तिसरं लिडल, बहुतेक गोष्टींत स्वस्त.

फळीवर किंमत बघताना मोठ्या आकड्याखालचा बारीक आकडा वाचा. तो किलोचा किंवा लिटरचा दर असतो. पाकिटांचे आकार फसवे असतात, किलोचा दर फसवत नाही. काही किमतींवर साखळीच्या कार्डाचं चिन्ह असतं. ती किंमत फक्त सभासदांची, आपल्याला बाजूची जास्तीची लागू होते. बिल जास्त आलं म्हणून गडबडू नका, बहुधा हेच कारण असतं.

भाजी आणि फळं बऱ्याच दुकानांत आपली आपण तोलायची. फळीवरच्या पाटीवर किमतीसोबत एक क्रमांक असतो. माल काट्यावर ठेवायचा, तो क्रमांक दाबायचा, चिकटपट्टी बाहेर येते, ती पिशवीला लावायची. लिडलमध्ये गल्ल्यावरच तोलतात. केळ्यांना चिकटपट्टी न लावता रांगेत उभं राहणं हा इथल्या प्रत्येक मराठी पाहुण्याचा पहिला गुन्हा. मागे आठ माणसं निमूटपणे उभी असतात आणि तुम्ही काट्याकडे पळत असता. कुणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

दुधाच्या कपाटासमोर जरा थांबा. ‘माइतो’ म्हणजे दूध. ‘पीमा’ म्हणजे ताक, तेही चांगलं आंबट आणि दाट. दोन्हींचे पुठ्ठ्याचे खोके शेजारी शेजारी, दिसायला भावंडं. माझ्या पहिल्या आठवड्यात मी पीमा आणून चहात ओतलं आणि चहा फाटला. उरलेल्या लिटरची आलं-मिरची लावून कढी केली. ती इतकी सुरेख झाली की तेव्हापासून आमच्या घरात कढी पीमाचीच होते. दह्याच्या जवळ जाणारी गोष्ट हवी असेल तर साधं, बिनसाखरेचं दही घ्या. त्यावर ‘मौस्तामातोन योगुर्त्ती’ असं लिहिलेलं असतं.

शाकाहारी मंडळींसाठी वेष्टन वाचण्याची एक युक्ती. फिनलंडमध्ये फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही अधिकृत भाषा, त्यामुळे घटकांची यादी दोन्हींत छापलेली असते. फिनिश शब्द आपल्याला डोंगराएवढे वाटतात, स्वीडिश पुष्कळदा इंग्रजीच्या जवळचे असतात. फिनिशमध्ये ‘लीवाते’ लिहिलेलं असतं ते स्वीडिश ओळीत सरळ ‘जेलाटिन’ म्हणून दिसतं. चघळायच्या गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत ते असतं, म्हणून नक्की बघा. एवढे शब्द मात्र कागदावर लिहून घ्या: ‘सिका’ म्हणजे डुक्कर, ‘नौता’ म्हणजे गाय-बैलाचं मांस, ‘काना’ म्हणजे कोंबडी, ‘काला’ म्हणजे मासा, ‘कानानमुना’ म्हणजे अंडं आणि ‘कास्विस’ म्हणजे भाजीचं. ‘काला’ वाचून कुणी काळ्या रंगाचं पाव समजू नका. डाळ, तांदूळ, मसाले हवे असतील तर हेलसिंकीच्या हाकानिएमी भागात भारतीय आणि इतर आशियाई किराण्याची बरीच दुकानं आहेत. तिथे पोहेही मिळतात.

मुदत संपत आलेल्या मालावर सवलतीची चिकटपट्टी लावतात, बहुधा 30 टक्क्यांची. एस साखळीच्या दुकानांत रात्री नऊनंतर तीच सवलत 60 टक्क्यांवर जाते. पाव, चीज, तयार सॅलड यांचा रात्रीचा डबा तिथेच भरतो. विद्यार्थी पोरं तर घड्याळ बघून जातात.

गल्ल्यावर पट्ट्यावर माल ठेवून झाला की मागे ती आडवी काठी ठेवा, म्हणजे पुढच्याचा माल वेगळा राहतो. मुलगी ‘मोइ’ म्हणेल, तुम्हीही ‘मोइ’ म्हणा. मग साखळीचं कार्ड आहे का असं विचारेल, त्याचं उत्तर ‘एइ ओले’, नाही. मग ‘कुइत्ती?’ म्हणजे पावती हवी का, त्याला ‘किइतोस’, हो द्या. भरणं आपलं आपण, आणि भराभर. पिशवीचे वेगळे पैसे पडतात, म्हणून घरून दोन कापडी पिशव्या न्या. दुकानाची जाहिरात असलेली, दसऱ्याला सोनाराकडून मिळालेली पिशवीसुद्धा इथे मिरवते.

पाण्याच्या बाटलीवर पैसे घालवू नका, नळाचं पाणी उत्तम आहे. पण सरबताची बाटली किंवा डबा घेतलात तर तो फेकू नका. त्यावर ‘पांत्ती’ असते, म्हणजे अनामत. डब्याला 15 सेंट, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला 20 आणि लिटरच्या वरच्या बाटलीला 40. सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत भोक असलेलं यंत्र असतं. बाटल्या न चेपता आत ढकलायच्या, शेवटी बटण दाबायचं, चिठ्ठी येते आणि ती गल्ल्यावर बिलातून वळती होते. लहान मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या, आइसक्रीमचे पैसे त्यातून निघतात.

दारू आणि औषधं या दोन गोष्टी वेगळ्या. 8 टक्क्यांपर्यंतची बिअर आणि सायडर किराणा दुकानात मिळतं, पण सकाळी 9 ते रात्री 9 एवढ्याच वेळात. त्याहून कडक काही हवं तर सरकारी ‘आल्को’ दुकानात जावं लागतं आणि ते रविवारी बंद. तरुण दिसत असाल तर पासपोर्ट दाखवावा लागेल. औषधांसाठी ‘आप्तेक्की’. साधी डोकेदुखीची गोळीही किराणा दुकानात मिळत नाही, म्हणून नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरूनच न्या.

बाजार: किलो विसरा, लिटर लक्षात ठेवा

हेलसिंकीच्या बंदरावरचा चौकातला बाजार, ‘कौप्पातोरी’, सगळ्या पर्यटकांच्या यादीत असतो. उन्हाळ्यात तिथे स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, नवे बटाटे आणि शेंगांतले मटार यांचे ढीग लागतात. पाटीवरची किंमत किलोची समजू नका. ती लिटरची असते. विक्रेता डब्याच्या मापानं मोजून कागदी पिशवीत ओततो. आत्याला हे बघून भारी आनंद झाला. तिच्या लहानपणी धान्य पायलीनं आणि शेरानं मोजत, तिला माप भरताना टोक कसं काढतात ते माहीत. तिनं मराठीत आणि खुणांनी त्या बाईला सांगितलं की शिगोशीग भर. बाईंनी भरलंही.

घासाघीस मात्र करू नका. ठरावीक किमतीचा देश आहे, आणि इथे भाव करणं म्हणजे समोरच्यावर खोटेपणाचा आळ घेतल्यासारखं होतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात तेवढी मुभा आहे, तीही एकदाच विचारण्यापुरती.

मटार सोलून कच्चे खातात, ट्रामची वाट बघत उभी असलेली माणसं हातात पिशवी धरून हेच करत असतात. जुलैत गेलात तर हे चुकवू नका. चौकातल्या तंबूंमधल्या लोकरी टोप्या, हरणाची कातडी आणि चुंबकं मात्र मी घेत नाही, आणि कुणाला घेऊ देत नाही. बाजूलाच 1889 सालचा जुना बाजार हॉल आहे, लाल-पिवळ्या विटांचा. तो बघण्यासारखा आहे आणि महागही आहे. रोजच्या खरेदीची माणसं हाकानिएमीच्या हॉलमध्ये जातात. तो 1914 चा, मोठ्या दुरुस्तीनंतर 2023 मध्ये पुन्हा उघडला. खाली मासे, चीज, राईचा पाव आणि वर कापड, सुया-दोरे, भेटवस्तू. रविवारी बंद असतो.

भेटवस्तू: काय घ्यावं, काय चाखून मग ठरवावं

ऑफिसात वाटायला चॉकलेट हवं तर फात्सरचं निळं. कंपनी 1891 ची, हे निळं चॉकलेट 1922 पासूनचं. ते सुपरमार्केटमध्येच घ्या. पाच-सहा एकदम घेतल्यास बऱ्याचदा जोडीचा भाव लागतो. विमानतळावर शेवटच्या क्षणी घेणाऱ्यांची रांग बघून मला वाईट वाटतं. एक सावधगिरी: त्याच फळीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची वेष्टनं असतात, ती साल्मियाक्की नावाच्या काळ्या गोळ्यांची. ही गोष्ट न चाखता वाटायला घेऊ नका. तिची मुख्य चव नवसागराची. हो, तोच, कल्हईवाला भांडं लाल तापवून वर टाकायचा आणि गल्लीभर पांढरा धूर व्हायचा तो. फिनिश लोक हे मिटक्या मारत खातात. मला पहिली गोळी थुंकावी लागली, आठ गोळ्यांनंतर आवडायला लागली. ज्यांच्याशी तुमचं भांडण आहे त्यांच्यासाठी एक डबी घ्यायला हरकत नाही.

झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं) च्युइंगगम ही हलकी, स्वस्त आणि खरोखर इथली भेट. झायलिटॉलमुळे दात किडणं कमी होतं यावरचं मूळ संशोधन 1970 च्या दशकात तुर्कू शहरात झालं. कॉफी पिणाऱ्यांसाठी तिथली कॉफी न्या, पण वेष्टनावर ‘सुओदातिन’ लिहिलेलं बघा, ती गाळणीची. ‘पान्नू’ म्हणजे उकळून करायची, जाडी दळलेली. आपल्या फिल्टरला ती चालत नाही. भाजणं हलकं असतं, चिकोरीची सवय असलेल्यांना ती पाणचट वाटेल हे आधीच सांगते. पुल्ला नावाच्या गोड पावात ते वेलची मुबलक घालतात. तो ताजा खाऊन घ्या, न्यायला टिकत नाही.

आता महाग वस्तू. ईत्तालाची काच, विशेषतः फिनिश वास्तुविशारद अल्वार आल्टोंची नागमोडी फुलदाणी, रेखाटन 1936 चं. ती अजून ईत्ताला गावातच फुंकतात. तिथे काचेचं काम 1881 पासून चालतं. वस्तू उलटी करून बघण्याची परीक्षा इथे पास होते. फिस्कार्सच्या नारिंगी मुठीच्या कात्र्या 1967 पासूनच्या. कंपनी तर 1649 ची आहे, म्हणजे शिवाजी महाराज विशीच्या उंबरठ्यावर होते तेव्हाची. आईसाठी मी हीच कात्री नेली, बारा वर्षं झाली, ब्लाउजच्या कापडापासून कोथिंबिरीच्या जुडीच्या दोऱ्यापर्यंत सगळं ती कापते. मूमिनचा कप पंचवीस युरोच्या आसपास पडतो. खरंच फिनलंडमध्ये बनलेली वस्तू हवी असेल तर किल्लीचं चित्र असलेलं निळं-पांढरं चिन्ह शोधा, ‘आवाइनलिप्पू’. ‘डिझाइन फ्रॉम फिनलंड’ हे चिन्ह वेगळं. ते रेखाटनाबद्दल बोलतं, बनवण्याच्या जागेबद्दल नाही.

मारिमेक्को हे कापडाचं घराणं, 1951 चं. त्यांचं मोठ्या खसखशीच्या फुलांचं ‘उनिक्को’ 1964 मध्ये त्यांच्या डिझायनर माइया इसोलांनी काढलं. कापड अजून हेलसिंकीच्या हेर्त्तोनिएमी भागातल्या कारखान्यात छापतात आणि त्याच इमारतीत त्यांचं सवलतीचं दुकान आहे. मेट्रोनं हेर्त्तोनिएमीला उतरून चालत जाता येतं. मधल्या शहरातल्या झगमगीत दुकानाऐवजी इथे या. मागच्या हंगामाचे कपडे आणि मीटरवर मिळणारं कापड इथे कमी भावात असतं. शिवलेल्या कपड्यांचे टॅग मात्र वाचा, शिवण बहुतेक परदेशातली असते. मी सांगेन की कापड घ्या आणि आपल्या शिंप्याकडून शिवून घ्या. माझ्या बहिणीनं दोन मीटरमध्ये एक कुर्ता आणि उशांचे तीन अभ्रे बसवले. शिंपी म्हणाला, फुलं फार मोठी आहेत ताई, अर्धं फूल खांद्यावर आणि अर्धं पाठीवर जाईल. गेलं, आणि छान दिसतं.

किर्पुतोरी, म्हणजे खरा खजिना

आपल्याकडे वापरलेली वस्तू भेट द्यायची कल्पना पचत नाही. इथे मंत्री, डॉक्टर, शाळकरी मुलं सगळे जुन्या वस्तूंच्या दुकानात जातात आणि ‘कुठून घेतलंस’ विचारल्यावर अभिमानानं सांगतात. प्रकार तीन.

पहिला, स्वतःच्या फळीचा. माणसं आठवड्यासाठी एक फळी भाड्यानं घेतात, वस्तूंना किंमत आणि फळीचा क्रमांक चिकटवतात आणि निघून जातात. तुम्ही उचलायचं आणि मधल्या एकाच गल्ल्यावर पैसे द्यायचे. विक्रेता समोर नसतो, त्यामुळे भाव करण्याचा प्रश्नच नाही. चिकटपट्टी निघाली तर वस्तू विकत नाहीत, तेवढं सांभाळा. दुसरा, संस्थांची दुकानं. रेड क्रॉसचं ‘कोंत्ती’, ‘यूएफएफ’, ‘फिदा’. थंडीचे कोट आणि मुलांचे बर्फातले सूट इथे घ्या. मुलं वर्षभरात वाढतात, त्यामुळे ‘रेइमा’सारख्या चांगल्या कंपनीचे सूट जवळजवळ नवे मिळतात. परतताना तेच कपडे त्याच दुकानाला देऊन टाकले तर बॅगेचं वजनही वाचतं. तिसरा, उघड्यावरचा बाजार. हेलसिंकीत हिएतालाहतीच्या चौकात उन्हाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, भरतो. इथे रोख लागते आणि इथेच तो एकदा विचारायचा भाव विचारता येतो.

शोधायचं काय, तर जुनी अराबियाची बशी-कप. बुडाचा शिक्का बघा. हेलसिंकीत भाजलेल्या काळातली भांडी इथे सापडतात आणि साधी, एकेकटी बशी नव्या कपाहून पुष्कळ स्वस्त पडते. कडेवरून बोट फिरवा, टवका डोळ्याआधी बोटाला कळतो. मग वस्तू टिचकीनं वाजवा, मडकं घेताना वाजवतो तशी. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आवाज आला म्हणजे कुठेतरी चीर आहे. जुने मूमिन कप मात्र संग्राहकांनी डोक्यावर चढवून ठेवले आहेत. नव्यापेक्षा जुना महाग बघून दचकू नका.

लॅपलंडला जाणार असाल तर

रोवानिएमीजवळ सांताक्लॉजच्या गावात उत्तर ध्रुववृत्ताच्या रेषेवर फोटो काढा, पत्र टाका, आणि खरेदी शक्यतो शहरात येऊन करा. तिथली खरी वस्तू म्हणजे कुक्सा, बर्चच्या झाडाच्या गाठीतून कोरलेला लाकडी पेला. अस्सल पेला एकाच गाठीचा असतो, त्यामुळे आतल्या रेषा वेड्यावाकड्या, गोल गोल फिरलेल्या दिसतात. सरळ समांतर रेषा किंवा जोड दिसला तर ती गाठ नव्हे. अस्सलची किंमत वीस युरोंच्या बरीच वर सुरू होऊन शंभराच्या पुढेही जाते. वीस युरोत ‘हँडमेड’ म्हणून मिळणारा पेला खाली ठेवा. तेवढंच बजेट असेल तर ‘कुपिल्का’ घ्या. तो लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा असतो, पण फिनलंडमध्येच बनतो आणि आपण काय आहोत ते लपवत नाही. लाकडी कुक्सा साबणानं घासू नका, कोमट पाण्यानं विसळून कोरडी करा. आपल्या कामवाल्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती तारेच्या घासणीखाली गेलेली असेल.

रोवानिएमीच्या मार्तीनीच्या सुऱ्या, ‘पूक्को’, 1928 पासून प्रसिद्ध आहेत. घ्या, पण दुकानाच्या वेष्टनातच ठेवा आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. कारणाशिवाय सुरी अंगावर बाळगणं तिथे गुन्हा आहे.

उत्तरेत सामी लोक राहतात, त्यांची स्वतःची भाषा, पोशाख आणि हस्तकला आहे. चार टोकांची रंगीत टोपी, लाल-निळ्या पट्ट्यांचे अंगरखे यांच्या स्वस्त नकला पर्यटकांच्या दुकानात टांगलेल्या दिसतील. सामींना याचा मनापासून राग येतो. ती टोपी त्यांच्याकडे सणाची आणि ओळखीची असते, फोटोपुरती घालायची नसते. त्यांच्या हातचं काम हवं असेल तर ‘सामी दुओद्यी’ हे चिन्ह असलेलं घ्या. ते फक्त सामी कारागिरांच्याच वस्तूंना मिळतं. इनारी गावात सिइदा संग्रहालय आहे, तिथल्या दुकानात आणि गावातल्या हस्तकलेच्या दुकानात चांगलं काम बघायला मिळतं.

वेळ बघून जा

सवलतीचे दोन मोठे मोसम: नाताळनंतर लगेच आणि जूनच्या शेवटी. पाटीवर ‘आले’ दिसेल, त्याचा चहातल्या आल्याशी संबंध नाही, तो ‘सेल’ आहे. जूनच्या 19 ते 26 च्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवार-शनिवारी ‘युहान्नुस’ हा भर उन्हाळ्यातला मोठा सण असतो. त्या दोन दिवसांत शहर तळ्याकाठच्या झोपड्यांत निघून जातं, डिझाइनची दुकानं बंद होतात आणि हेलसिंकीच्या मधल्या रस्त्यावर फक्त समुद्रपक्षी आणि गोंधळलेले पर्यटक उरतात. तिकीट काढताना हे बघा.

कर परत मिळवणं

सप्टेंबर 2024 पासून फिनलंडमध्ये बहुतेक वस्तूंवर मूल्यवर्धित कर 25.5 टक्के आहे आणि तो पाटीवरच्या किमतीतच असतो. म्हणजे शंभर युरोच्या वस्तूत सुमारे 20 युरो 30 सेंट कराचे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला त्यातले बरेचसे परत मिळतात, परताव्याचं काम बघणारी मधली कंपनी आपलं शुल्क कापते. खाद्यपदार्थांवर कर कमी, म्हणून परतावाही कमी.

दुकानात काय करायचं: एका पावतीवर किमान 40 युरोंची खरेदी हवी. म्हणून पाच दुकानांत पंधरा-पंधरा युरो घालवण्याऐवजी एकाच ठिकाणी घ्या. पैसे देण्याआधी ‘टॅक्स फ्री’ म्हणा आणि पासपोर्ट दाखवा. नंतर परत येऊन मागितल्यास वेळ जातो. वस्तू पिशवीत घालून बंद करून देतात, ती देश सोडेपर्यंत उघडू नका आणि वापरू नका. नवा स्वेटर अंगात घालून विमानतळावर गेलात तर परतावा विसरा.

विमानतळावर काय करायचं: वस्तू मोठ्या बॅगेत असतील तर बॅग देण्याआधी टॅक्स फ्रीच्या खिडकीवर जा. वस्तू दाखवायला सांगू शकतात. माझ्या दिरांनी बॅग पट्ट्यावर सोडली, मग हातात कागद घेऊन रांगेत उभे राहिले. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “वस्तू कुठे आहे?” वस्तू तेव्हा विमानाच्या पोटात होती. साठ-सत्तर युरो गेले आणि वहिनींनी तो विषय दिवाळीपर्यंत पुरवला.

फिनलंडनंतर स्वीडन, डेन्मार्क किंवा जर्मनी फिरणार असाल तर परताव्याच्या कागदावर लागणारा शिक्का हेलसिंकीत मिळत नाही. युरोपीय संघातून बाहेर पडताना जो शेवटचा विमानतळ असेल तिथे मिळतो. हेलसिंकीहून निघून मध्ये फक्त विमान बदलणार असाल आणि मोठी बॅग थेट मुंबईपर्यंत जात असेल, तर त्या बॅगेतल्या वस्तूंचं काम हेलसिंकीतच उरका. हातातल्या सामानाचं शेवटच्या विमानतळावर. परतावा कार्डावर घेतलात तर रोखीच्या वेगळ्या शुल्कातून सुटका होते. भारतात उतरताना आपल्या कस्टम्सची शुल्कमुक्त मर्यादा निघण्याआधी बघून ठेवा आणि दारू माणशी दोन लिटरच्या आत ठेवा. रेनडियरचं सुकं मांस तिथेच खाऊन संपवा, प्राणिज पदार्थ आणण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत.

बॅग भरताना

लाक्का, म्हणजे केशरी रंगाच्या पाणथळ जागेतल्या बेरीचा मुरंबा, सगळ्यांनाच न्यावासा वाटतो. मुरंबा आणि मध यांना सुरक्षा तपासणीत द्रव समजतात, हातातल्या सामानात 100 मिलीच्या वर बहुधा चालत नाही. बरणीचं झाकण घट्ट करून त्यावर प्लास्टिक गुंडाळा आणि मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा. काचेची फुलदाणी असेल तर आतमध्ये लोकरीचे मोजे कोंबा, बाहेरून स्वेटर, आणि तो सगळा गोळा बॅगेच्या भिंतींना न लागता मध्ये. टॅक्स फ्रीची पिशवी यातून वेगळी, वरच ठेवा, दाखवावी लागली तर मोज्यांची उकरण नको.

आत्यानं तिचे दोन कप तिच्या नऊवारीत गुंडाळले होते. नाशिकला पोचल्यावर फोन आला. कप शाबूत होते, आणि तिनं भांडी कोरणाऱ्याला बोलावून विचारलं होतं की चिनी मातीवर नाव कोरता येतं का. तो नाही म्हणाला.